माळवद, चिमणी आणि पाकोळी

जुन्या वास्तूंचा विषय निघाला की आपण देवगिरीचं, वेरूळचं नाव घेतो. चुडाव्यासारख्या गावांची ऐतिहासिक वास्तू मात्र माळवद हीच. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती, सागाचे खांब, त्यांवर तुळया, तुळयांवर किलचन आणि वर पांढऱ्या मातीचा जाड थर. भर उन्हाळ्यातही आत गारवा असायचा.

तुळई भिंतीत शिरते तिथे फट राहायची. ती चिमणीची जागा. शिवाय कोनाडे होते, तसबिरींच्या मागची जागा होती. अंगणात धान्य पाखडलं जाई, त्यामुळे दाण्यांचीही सोय होती. घरटं काढून टाकावं असं कोणाच्या आजीला कधी वाटलं नाही.

पाकोळीला मात्र उंची लागते. गढीचा दरवाजा, वेशीची कमान, देवळाचा मंडप ही तिची ठिकाणं. तिचे पाय इतके तोकडे की तारेवर बसता येत नाही. ती उभ्या दगडाला नखांनी लटकते. हवेतच पकडलेली पिसं आणि काड्या लाळेनं चिकटवून घरटं करते आणि तेच पुन्हा पुन्हा वापरते. आपला भाग निजामाच्या राज्यात असताना, 1931-32 मध्ये, सलीम अलींनी हैदराबाद संस्थानातल्या पक्ष्यांची पाहणी केली होती. पुढे 1941 च्या आपल्या प्रसिद्ध पुस्तकात त्यांनी पाकोळीचं नातं जुन्या किल्ल्यांशी आणि पडक्या इमारतींशी जोडलं.

मग 30 सप्टेंबर 1993 ची पहाट आली. आदल्या दिवशीच गणपती विसर्जन झालं होतं. किल्लारीच्या भूकंपात सुमारे 8,000 माणसं गेली. त्यातली बहुतेक दगड-मातीच्या भिंती आणि माळवदाच्या ओझ्याखाली सापडली. आपण तेव्हा शाळेत होतो. त्यानंतर घराघरांत माळवदाची जी धास्ती बसली, ती आपण सगळ्यांनी पाहिली. हळूहळू पत्रे आले, स्लॅब आले. ते योग्यच झालं. ज्या छतानं माणसं मारली, त्याचे गोडवे गाण्यात अर्थ नाही.

पण गुळगुळीत प्लास्टरच्या भिंतीत फट उरली नाही. धान्य निवडून पाकिटात येऊ लागलं, फवारण्यांनी किडे कमी झाले. चिमणीची जागा आणि पिल्लांचं खाणं, दोन्ही गेलं.

यावर उपाय अवघड नाही. जेरुसलेमच्या पश्चिम भिंतीत पाकोळीच्याच कुळातले पक्षी घरटी करतात. डागडुजी करताना तिथल्या अभियंत्यांनी त्यांच्या फटी मोकळ्या ठेवल्या. आपल्याकडे नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांच्या पुढाकारानं 2010 पासून 20 मार्चला जागतिक चिमणी दिन साजरा होतो. चिमणीला सव्वा इंचाचं भोक असलेली लाकडी पेटी पुरते.

या मेळाव्यानंतर शाळेसाठी काही बांधायचं ठरलं, तर नकाशातच अशा पेट्यांना जागा ठेवू या. गावातल्या जुन्या कमानीची दुरुस्ती निघालीच, तर ती दिवाळी ते संक्रांत या काळात, घरटी रिकामी असल्याची खात्री करून व्हावी. इमारत मजबूत सिमेंटचीच असावी, पण तिच्यात चिमणीपुरती फट ठेवायला पैसे लागत नाहीत.