वहीतले शब्द, गळ्यातली चाल



आपल्या दिंडीला शंभर वर्षं झाली. पहिल्या पिढीने कोणते अभंग म्हटले ते वहीवरून सांगता येतं. कोणत्या चालीत म्हटले ते मात्र वही सांगत नाही.

संतांचे शब्द जपायला आपल्या लोकांनी फार कष्ट घेतले. संताजी जगनाडे यांनी तुकोबांचे अभंग लिहून ठेवले, हे आपण परंपरेने ऐकत आलो. पुढे शंकर पांडुरंग पंडित आणि विष्णु परशुरामशास्त्री पंडित यांनी देहू, तळेगाव, कडूस, पंढरपूर इथल्या वह्या ताडून पाहिल्या आणि सरकारी मदतीने गाथा छापली. १८६९ आणि १८७३ साली तिचे दोन भाग निघाले. अभंग घरोघर पोचले. चाल मात्र कानानेच शिकायची राहिली. म्हणून जुना विणेकरी गेला, की एखादी चालही त्याच्यासोबत जाते.

जात्यावरच्या ओव्यांना तर वहीही मिळाली नव्हती. दळता दळता आयाबाया विठूला भाऊ म्हणत, पंढरीची वाट गात. गिरणी आली, जातं थांबलं, तशी ओवीही मागे पडली. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी १९८०नंतरच्या काळात मुळशीसारख्या डोंगरी भागापासून गावोगाव जाऊन, गावातल्या बायांच्याच साथीने, लाखाच्या वर ओव्या जमवल्या. बर्नार्ड बेल यांनी आवाज ध्वनिमुद्रित केले आणि ओव्या संगणकात लावून ठेवल्या. आज 'पारी'च्या संकेतस्थळावर त्या ओव्या ऐकता येतात. ओवीसोबत गाणारीचं नाव आणि गावही असतं. नुसता आवाज राहिला असता, तर तो कुणाचा हे नातवंडांना कळलं नसतं.

वारीत आता प्रत्येकाच्या हातात मोबाईल आहे. रेकॉर्डिंग पुष्कळ होतं, पण जागा भरली की पुसलं जातं, नाहीतर कोण गातंय याचा पत्ता राहत नाही. म्हणून आम्ही दिंडीकरांनी ठरवलंय: आधी म्हाताऱ्या विणेकऱ्यांच्या आणि तुळशीवाल्या मावश्यांच्या पाया पडून परवानगी घ्यायची, मग रेकॉर्डिंग करायचं. नाव, गाव, चाल कुणाकडून घेतली, कोणत्या मुक्कामी म्हटली, हे तिथल्या तिथे नोंदवायचं. एक प्रत दिंडीच्या दप्तरात, दुसरी गाणाऱ्याच्या घरी आणि तिसरी दुसऱ्या गावात ठेवायची.

मोबाईल काही चाल शिकवणार नाही, त्यासाठी टाळ घेऊन मागे उभं राहावंच लागतं. पण शिकायला येणाऱ्या पोराला ऐकायला काहीतरी उरलं पाहिजे. ज्यांच्या घरी अशी वडीलधारी माणसं असतील, त्यांनी या वारीआधीच आम्हाला निरोप द्यावा.