घरजावई वाजंत्री

लग्नाला वाजंत्री लागतात, ह्याबद्दल दुमत असायचे कारण नाही. पण लग्न आटोपले, पंगती उठल्या, वऱ्हाडाची बस सुटली, तरी वाजंत्री ओसरीवर पथारी टाकून बसले आणि सकाळी चहाच्या वेळेला मुलीच्या बापाला सांगू लागले, की "आम्ही नवरदेवाच्या अंगचेच आहोत, आम्हाला काढलेत तर नवरदेवाला चालता येणार नाही," तर त्या बापाने काय करावे? थट्टा नाही, १९९७ पासून पुढची दहा वर्षे अमेरिकेतले आणि युरोपातले न्यायाधीश नेमका ह्याच प्रश्नावर डोके धरून बसले होते. नवरदेवाचे नाव विंडोज. थोरल्या वाजंत्र्याचे नाव इंटरनेट एक्स्प्लोरर आणि धाकट्याचे विंडोज मीडिया प्लेअर.

ह्या श्रीमंतांच्या लग्नात मी पडायचे कारण म्हणजे आमच्या साकोलीचे एक निवृत्त गुरुजी. त्यांनी मला हमरस्त्यावरच्या चहाच्या टपरीवर गाठले. हा हमरस्ता म्हणजे जुना सहा नंबर, नागपूरहून रायपूरकडे जाणारा. ट्रकांचे भोंगे थांबतील तेवढ्याच फटीत इथे संभाषण करावे लागते. तशा एका फटीत गुरुजी म्हणाले, "काजी, कॉम्प्युटरात ते गाणे वाजवणारे आयतेच येते, ते काढून टाकले तं चालते का?"

"काहून काढता गुरुजी?"

"मले त्याचे काम नाही. मी पेन्शनचे कागद पाहतो. अन् जे मी मागितलंच नाही, ते माह्या घरात काहून?"

दोन खंडांतल्या वकिलांनी हजारो पाने खर्चून जे मांडले, ते गुरुजींनी एका कटिंग चहात मांडले. तेव्हा त्यांना उत्तरही नीट द्यायला हवे, म्हणून हा इतिहास.

पहिले भांडण झाले थोरल्यावरून. डिसेंबर १९९७ मध्ये न्यायाधीश थॉमस पेनफील्ड जॅक्सन ह्यांनी मायक्रोसॉफ्टला हुकूम केला, की विंडोज ९५ घ्यायचे तर एक्स्प्लोररही घेतलाच पाहिजे, अशी सक्ती संगणक बनवणाऱ्यांवर करू नका. कंपनीने हुकूम शिरसावंद्य मानला, पण आपल्या पद्धतीने. तिने सांगितले, की वाजंत्री नको असतील तर दोन वर्षांमागचा जुना नवरदेव घ्या; किंवा हा ताजा घ्या, ह्याच्यातून वाजंत्र्यांचे सगळे काढले आहे, फक्त तो उठून उभा राहत नाही. न्यायाधीशांनी मग कोर्टातल्या एका संगणकावर करून पाहिले. प्रोग्रॅम काढायची जी साधी सोय विंडोजमध्येच होती, तिने एक्स्प्लोरर नव्वद सेकंदांच्या आत गेला आणि विंडोज ठणठणीत चालू राहिले. कंपनी म्हणाली, तुम्ही फक्त चेहरा काढलात, आतले सामान जागच्या जागीच आहे.

गंमत अशी, की दोघांचेही खरे होते. पडद्यावरचे चित्र आणि ते उघडायची वाट गेली होती. खालचे जे भाग इतर प्रोग्रॅमही वापरत होते, ते तसेच होते. म्हणजे 'काढले' ह्या एका शब्दाचा अर्थ काय, एवढ्यावरच सगळे घोडे अडले होते.

१९९८ च्या मे महिन्यात अमेरिकेच्या सरकारने मोठा खटला भरला. त्यात प्रिन्स्टन विद्यापीठाचे एडवर्ड फेल्टन साक्षीला आले. विंडोज ९८ मधून एक्स्प्लोरर बाजूला करणारा एक छोटा प्रोग्रॅम त्यांनी सोबत आणला होता. त्याने विंडोज कसे मंदावते, हे दाखवायला फेब्रुवारी १९९९ मध्ये मायक्रोसॉफ्टने कोर्टात एक व्हिडिओ लावला. सरकारी वकील डेव्हिड बॉइज ह्यांनी तो मध्येच थांबवला आणि चित्रातल्या खिडकीच्या वरच्या पट्टीवर बोट ठेवले. त्या पट्टीवरची अक्षरे सांगत होती, की फेल्टन ह्यांचा प्रोग्रॅम ह्या यंत्रावर चाललेलाच नाही! पुढे कळले, की एकच संगणक म्हणून दाखवलेल्या त्या व्हिडिओत संगणक एकाहून जास्त होते. आमच्याकडच्या झाडीपट्टी नाटकात राजाची मिशी दुसऱ्या अंकात उजवीकडून डावीकडे गेली, तर प्रेक्षक एवढे मनावर घेत नाहीत. कोर्टाने घेतले, आणि कंपनीला नव्याने चित्रीकरण करावे लागले.

जून २००० मध्ये कंपनीचे दोन तुकडे करायचा हुकूम झाला. वर्षभरात वरच्या कोर्टाने तो फिरवला. मक्तेदारी टिकवण्याचा ठपका मात्र कायम ठेवला. शेवटी तडजोड झाली आणि २००२ मध्ये विंडोज एक्सपीत वाजंत्र्यांना नजरेआड करायची सोय आली. घरातून गेले नाहीत, माजघरात गेले.

आता धाकटा. २४ मार्च २००४ रोजी युरोपियन कमिशनने मायक्रोसॉफ्टला ४९.७ कोटी युरोंचा दंड ठोठावला आणि मीडिया प्लेअर नसलेली विंडोजही विकायला ठेवा, असे बजावले. कंपनीने त्या आवृत्तीला नाव सुचवले 'रिड्यूस्ड मीडिया एडिशन'. मुलगी दाखवताना "जरा कमी ऐकू येते हो हिला" अशी ओळख करून द्यावी, तसला हा प्रकार. कमिशनने नाव नाकारले आणि २००५ मध्ये आली 'विंडोज एक्सपी एन'. किंमत मात्र भरल्या ताटाइतकीच! त्याच पैशात भात-वरण-भाजी-पोळी मिळत असता भाजी वगळलेले ताट कोण मागवील? मोठ्या संगणक कंपन्यांनी ही आवृत्ती आपल्या यंत्रांवर घातलीच नाही. सप्टेंबर २००७ मध्ये युरोपातल्या कोर्टाने कमिशनचा निर्णय उचलून धरला, पण तोवर यूट्यूब सुरू होऊन दोन वर्षे झाली होती आणि गाणी ऐकणारे तिकडे पांगू लागले होते.

ह्या 'एन' मंडळींनी एक धडा मात्र शिकवला. पुढच्या विंडोजच्या एन आवृत्त्या ज्यांनी घेतल्या, त्यांच्याकडे नुसती गाणीच नव्हे, इतर काही प्रोग्रॅममधले व्हिडिओही चालेनात. कारण ते प्रोग्रॅम स्वतः काहीच वाजवत नव्हते. खालच्या सामायिक भागांकडून वाजवून घेत होते. मग कंपनीने 'मीडिया फीचर पॅक' नावाचे गाठोडे फुकट देऊ केले. वाजंत्री गेल्यावर कळले, की विहिरीचे पाणीही तेच शेंदत होते.

साकोलीच्या माणसाला हे कळायला ब्रसेल्सला जायला नको. आमच्या भंडारा जिल्ह्यात जागोजाग 'मामा तलाव' आहेत. बाहेरच्या पाहुण्याला वाटते, कोणाच्या तरी मामाने बांधले असतील. मामा म्हणजे 'माजी मालगुजारी'. १९५१ मध्ये, भंडारा जिल्हा मध्य प्रदेशात होता तेव्हा, मालगुजारी गेली. ती गेली हे उत्तमच झाले, तिच्यासाठी डोळ्यांतून पाणी काढणारा मला अजून भेटायचा आहे. पण तलावाचा गाळ काढवून घेणे, पाळ बुजवून घेणे, कोणाच्या बांधीला आधी पाणी सोडायचे ते ठरवणे, ही कामेही त्याच मालगुजाराकडे टेकलेली होती. मालक एका कायद्याने निघाला. कामे कोणाकडे गेली, हे गावाला लवकर कळले नाही. तलाव सरकारजमा झाले, गाळ साचत गेला, पाळी पाझरू लागल्या आणि धानाला ऐन गरजेच्या वेळी पाणी कमी पडू लागले. मालगुजार काढायलाच हवा होता. त्याच्यावर काय टेकले आहे त्याची यादी आधी करायला हवी होती.

म्हणून गुरुजींना मी सांगितले ते असे. चेहरा खुशाल काढा. २००९ च्या विंडोज सेव्हनपासून ऐच्छिक गोष्टींच्या यादीत मीडिया प्लेअरचाही समावेश झाला आहे. आधी आपल्या कागदांची एक प्रत दुसरीकडे ठेवा, परत फिरायची खूण म्हणून 'रिस्टोअर पॉइंट' करा, मग यादीतून प्लेअर काढा आणि यंत्र पुन्हा सुरू करा. आठवडाभर कशाचे अडते का ते पाहा. अडले तर त्याच यादीतून तो परत बोलावता येतो. मात्र आत शिरून हाताने फायली पुसू नका. २००० सालीच कंपनीने आत एक रखवालदार बसवला होता. तुम्ही महत्त्वाची फाइल पुसली, की तो गुपचूप दुसरी प्रत आणून ठेवायचा. आताचा तर सहसा हातच लावू देत नाही. आणि कोणी अनोळखी माणसाने 'सगळे एका फटक्यात साफ' करणारा प्रोग्रॅम दिला, तर तो घेऊ नका. त्याला तुमच्या घराची विहीर कुठे आहे, हे ठाऊक नसते.

गुरुजींनी शांतपणे ऐकून घेतले. "अन् जागा किती वाचंल?"

"नावापुरती."

"मंग काढून फायदा काय?"

"फायदा असा काही नाही. घर तुमचे आहे, एवढे त्याला कळेल."

गुरुजी जरा थांबले. दोन ट्रक भोंगे वाजवत रायपूरकडे गेले.

"मंग काढतोच," ते म्हणाले. "पण आधी यादी करतो."