कोलंबसवर उलटं आलेलं वादळ

अमेरिकेत विद्यापीठांच्या फुटबॉलचा शनिवार मैदानावर नव्हे, वाहनतळावर उजाडतो. सामन्याच्या कितीतरी आधी लोक येतात, गाडीची मागची फळी खाली पाडतात, शेगड्या पेटवतात, खुर्च्या टाकून बसतात. जत्रेला बैलगाडीनं जाऊन माळावर चूल मांडावी तसा हा प्रकार. त्याला टेलगेटिंग म्हणतात. त्यासाठी हवामानाचा अंदाज सगळेच बघतात. तो ऐकून घरी किती जण थांबतात, हा वेगळा प्रश्न. ओहायो स्टेट विरुद्ध मिशिगन ही लढत नोव्हेंबरच्या अखेरीस होते, त्यामुळे कुडकुडण्याची तयारी ठेवूनच लोक निघतात. 25 नोव्हेंबर 1950 च्या शनिवारीही ते तसेच निघाले होते.

साधारण 48 तास आधी. गुरुवार, 23 नोव्हेंबर

थँक्सगिव्हिंगचा दिवस. चार दिवसांची सलग सुट्टी, म्हणजे निम्मा देश नातेवाइकांकडे गेलेला आणि रविवारी परतणारा. ओहायोची राजधानी कोलंबस शनिवारची वाट बघत होती. ऐंशी हजारांवर तिकिटं विकली गेली होती. बिग टेन या गटाचं अजिंक्यपद पणाला लागलं होतं. ओहायो स्टेटकडे व्हिक यानोविच हा त्या मोसमातला सगळ्यात गाजलेला खेळाडू होता. धावणं, फेकणं, लाथेनं चेंडू लांब मारणं, सगळं तोच करायचा. वर्षाचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून हाइसमन करंडकही त्यालाच मिळाला.

24 तास आधी. शुक्रवार

कॅनडाकडून आलेली बर्फाळ हवा ओहायो ओलांडून पूर्वेकडे सरकली. पारा कोसळला. इथपर्यंत सगळं नेहमीचं होतं. पण त्या थंड हवेच्या सीमेवर, दूर आग्नेयेला नॉर्थ कॅरोलायनात, कमी दाबाचा एक पट्टा आकार घेऊ लागला.

अमेरिकेतलं हवामान साधारणपणे पश्चिमेकडून पूर्वेकडे जातं. ओहायोत उद्या काय होणार हे पाहायचं तर इंडियाना-इलिनॉयकडे बघायचं, ही तिथली रीत. पूर्व किनाऱ्याजवळ जन्मलेली वादळं ईशान्येला, समुद्राकडे निघून जातात आणि ओहायोला त्यांचं काही सोयरसुतक नसतं. या वेळी मात्र कॅनडाच्या पूर्व भागात जास्त दाबाची हवा भिंतीसारखी ठाण मांडून बसली होती. वादळाला समुद्राकडे वाट मिळाली नाही. ते आधी उत्तरेला चढलं आणि मग डावीकडे वळलं. म्हणजे कोलंबसवर ते आलं पाठीमागून.

इथे थोडं थांबायला हवं. त्याच वर्षी वसंतात मेरीलँडमधल्या अॅबर्डीनला एनिअॅक या अवाढव्य संगणकावर हवामानाचं गणित मांडण्याचा पहिला प्रयोग झाला होता. जूल चार्नी, राग्नार फ्योर्टोफ्ट आणि जॉन फॉन नॉयमन यांचा. 24 तासांचा अंदाज काढायला त्या यंत्राला जवळजवळ 24 तासच लागत, म्हणजे उद्याचं हवामान कळेपर्यंत उद्या उजाडलेला. त्याहून मोठी अडचण अशी की त्या समीकरणांमध्ये थंड आणि उबदार हवेच्या झुंजीला जागाच नव्हती, आणि वादळ जन्मतं ते तिथेच. प्रत्यक्ष अंदाज वर्तवणारी माणसं तर अजून हातानं काढलेल्या नकाशांवर आणि अनुभवावर विसंबून होती. अनुभव सांगत होता की वादळं असं मागे वळत नाहीत.

काही तास आधी. शनिवार सकाळ

कोलंबसच्या लोकांनी खिडक्या उघडल्या तेव्हा हिमवर्षाव सुरू होता आणि वारा घोंघावत होता. तापमान 10 अंश फॅरनहाइटच्या आसपास, म्हणजे उणे 12 सेल्सिअस.

वादळाचा उलटेपणा नकाशावर बघावा असा होता. पेनसिल्वेनियातलं पिट्सबर्ग एक अंकी फॅरनहाइट तापमानात बर्फाखाली गाडलं जात असताना, त्याच्या उत्तरेला तीनशे-साडेतीनशे किलोमीटरवरच्या बफेलोमध्ये पारा पन्नासच्या घरात होता. अटलांटिकवरची उबदार हवा वादळाला वळसा घालून उत्तरेला पोचली होती आणि ध्रुवाकडची थंडी दक्षिणेला उतरली होती. थंडीपासून पळायला त्या दिवशी उत्तरेकडे जावं लागलं असतं.

सामना रद्द करायचा का, हा प्रश्न आता उभा राहिला. ओहायो स्टेटचे क्रीडा संचालक डिक लार्किन्स आणि मिशिगनचे फ्रिट्झ क्रिसलर यांच्यात खल झाला. मोसमातला हा शेवटचा सामना, पुढे ढकलायला मोकळा शनिवार नाही. तिकिटं विकलेली, पाहुणा संघ दारात, लोक रस्त्यावर. खेळायचं ठरलं. त्या दोघांना दोष देणं आज सोपं आहे. पण हजारो लोक घरून निघाल्यानंतर "येऊ नका" म्हणायचं तरी कुणाला आणि कसं? हा निर्णय शुक्रवारी घ्यायला हवा होता, आणि शुक्रवारी तो घेण्याइतकी माहिती कुणाकडेच नव्हती.

अखेरचा तास

मैदान झाकायला अंथरलेली ताडपत्री जमिनीला चिकटून गोठली होती. मैदानावरचे कामगार कमी पडले, मदतीला धावलेले लोकही तिच्याशी झटले. खेळ उशिरा सुरू झाला. ताडपत्री गुंडाळताना एक बालवीरही तिच्यात गुंडाळला गेला आणि वेळीच बाहेर काढला गेला, अशी एक कहाणी कोलंबसमध्ये आजही सांगतात. खरी असो वा तिखटमीठ लावलेली, त्या दिवसाचं चित्र तिच्यातून नेमकं उभं राहतं.

अधिकृत नोंदीप्रमाणे 50,503 प्रेक्षक स्टेडियममध्ये होते. तिकीट काढलेल्यांपैकी जे आले नाहीत तेच शहाणे, असं माझं मत. पण त्या पन्नास हजारांचा हट्टही मला कळतो.

पहिला चतुर्थांश

मैदानावरच्या रेघा दिसत नव्हत्या. गोलरेषा शोधायला बर्फ झाडावा लागत होता. अमेरिकन फुटबॉलमध्ये दहा यार्ड पुढे सरकायला चार प्रयत्न मिळतात. पहिले तीन फसले की चौथ्याला चेंडू लाथेनं लांब उडवून प्रतिस्पर्ध्याच्या अंगणात टाकतात, त्याला पंट म्हणतात. त्या दिवशी दोन्ही संघ पहिल्याच प्रयत्नाला पंट मारू लागले. चेंडू म्हणजे बर्फाचा गोळा, हातात ठेवणंच धोक्याचं. त्यापेक्षा तो समोरच्याकडे जावा, त्याच्या हातून निसटावा आणि आपल्याला मिळावा, हीच काय ती चाल. दिवसभरात 45 पंट झाले: मिशिगनच्या चक ऑर्टमनचे 24, यानोविचचे 21.

मिशिगनचा एक पंट अडवला गेला आणि चेंडू ओहायो स्टेटच्या बॉब मॉमसेनला मिळाला. त्यावरून बर्फाच्या पडद्यातून यानोविचनं फील्ड गोल साधला, म्हणजे लाथेनं चेंडू खांबांमधून मारून तीन गुण मिळवले. 3-0. मग यानोविचचा पंट मिशिगननं अडवला, चेंडू मैदानाच्या टोकाबाहेर गेला आणि त्याचे दोन गुण झाले. 3-2.

मध्यंतराला मिनिटभरही उरलं नसताना

चेंडू ओहायो स्टेटकडे, पण स्वतःच्याच गोलरेषेजवळ. तिसरा प्रयत्न. चेंडू पोटाशी धरून खाली बसलं तरी मध्यंतर जवळ आलं असतं, आणि चौथा प्रयत्न हाताशी होताच. प्रशिक्षक वेस फेसलर यांनी पंट मारायला सांगितलं. मिशिगनच्या टोनी मॉमसेननं तो अडवला आणि गोलरेषेपलीकडे चेंडूवर झेप घेतली. टचडाउन, जोडीच्या किकसह सात गुण. टोनी हा बॉबचा सख्खा भाऊ. एकाच घरातली दोन पोरं त्या बर्फात एकमेकांविरुद्ध उभी होती, आणि दोघांनीही पंट अडवल्याचाच फायदा उठवला. मिशिगन 9-3 असं पुढे.

दुसऱ्या अर्ध्यात कुणालाच काही करता आलं नाही. मिशिगननं सामना जिंकला तो एकही पास पूर्ण न करता आणि एकदाही दहा यार्डांची मजल न मारता.

पुढचे 24 तास

खरी आपत्ती स्टेडियमबाहेर चालू होती. शनिवारी संध्याकाळपर्यंत वादळाचं केंद्र ओहायोवर आलं. सुट्टीहून परतणाऱ्या गाड्या रस्त्यांवर रुतल्या. क्लीव्हलंडमध्ये वीस इंचांहून जास्त बर्फ साचला आणि नॅशनल गार्डचे जवान बोलवावे लागले. वेस्ट व्हर्जिनियातल्या पिकेन्स गावात 57 इंचांच्या आसपास बर्फ पडला. किनाऱ्याकडच्या राज्यांत वाऱ्यानं झाडं आणि तारा पाडल्या. सुमारे दहा लाख ग्राहकांची वीज गेली. हे वादळ ग्रेट अॅपलेशियन स्टॉर्म म्हणून ओळखलं जातं. त्यानं 353 माणसांचा जीव घेतला.

फेसलर यांनी डिसेंबरमध्ये राजीनामा दिला. त्यांच्या जागी आलेले वुडी हेज 1978 पर्यंत टिकले आणि ओहायो स्टेटच्या इतिहासातले सगळ्यात मोठे प्रशिक्षक ठरले. मिशिगन 1 जानेवारी 1951 ला रोझ बाउलमध्ये कॅलिफोर्नियाला 14-6 असं हरवून आलं.

हवामानाच्या गणिताचं काम पुढे चालूच राहिलं. चार्नी आणि नॉर्मन फिलिप्स यांनी प्रिन्स्टनमध्ये नेमकं हेच वादळ परीक्षेसाठी घेतलं. हवेचे एकापेक्षा जास्त थर धरून गणित मांडलं, तेव्हा वादळाचा जन्म कागदावर दिसू लागला. मे 1955 मध्ये वॉशिंग्टनजवळ आयबीएम 701 या संगणकावर रोजचा अंदाज काढायला सुरुवात झाली.

आज कोलंबस आणि मिशिगन विद्यापीठाचं अॅन आर्बर या दोन्ही गावांत मराठी विद्यार्थी आणि कुटुंबं आहेत, आणि नोव्हेंबरच्या अखेरीस त्यांनाही टेलगेटिंगचं आमंत्रण येतं. जरूर जा. फक्त गुरुवारी पाहिलेल्या अंदाजावर शनिवारी निघू नका; निघण्यापूर्वी तो पुन्हा बघा, आणि किती वाजता, काय झालं की गाडी परत फिरवायची, हे शेगडी पेटवण्याआधीच सगळ्यांनी मिळून ठरवा.