जुनी अ‍ॅव्हेंजर घेतलीय? लांबच्या राईडसाठी आरामदायी कशी करायची?

सेकंडहँड क्रूझर म्हटलं की आपल्याकडे पहिलं नाव येतं बजाज अ‍ॅव्हेंजरचं. २००५ मध्ये १८० सीसी इंजिनसह आलेली ही गाडी २०१० मध्ये २२० सीसीची झाली आणि २०१५ पासून क्रूझ आणि स्ट्रीट अशा दोन रूपांत मिळू लागली. विश्रांतवाडीतून आळंदी किंवा महाबळेश्वर गाठायचं असेल, तर आधी काय बदलायचं आणि कशाला हात लावायचा नाही, ते पाहूया.

क्रूझरवर कंबर का दुखते?

साध्या बाईकवर पाय सीटच्या जवळजवळ खाली असतात. खड्डा आला की आपण पायांवर जोर देऊन थोडं उचलले जातो. क्रूझरवर पाय पुढे असल्यामुळे हे नीट जमत नाही. सगळा धक्का माकडहाडावर आणि कंबरेवर बसतो. म्हणून इथे खर्चाचा क्रम महत्त्वाचा: आधी टायर आणि शॉकअप, मग सीट, मग हँडल.

आधी मोबाईलवर कागद तपासा

एमपरिवहन अ‍ॅपमध्ये गाडीचा नंबर टाकून आरसी, विमा आणि पीयूसीची मुदत बघा. थकलेले ई-चलान भरायला लावूनच व्यवहार करा. ट्रान्सफरसाठी फॉर्म २९ आणि ३० लागतात. विमाही १४ दिवसांत आपल्या नावावर करून घ्या. एप्रिल २०१९ नंतरच्या २२० ला एबीएस असतो, त्यामुळे बजेट असेल तर तीच शोधा.

बदल कोणत्या क्रमाने करायचे?

१. टायर आणि शॉकअप: हवा कंपनीने सांगितल्याइतकीच भरा. मागच्या शॉकअपला कडकपणा कमी-जास्त करायची सोय असते. एकटे असाल तर मऊ, मागे कोणी बसणार असेल तर कडक ठेवा. शॉकअपमधून तेल गळत असेल तर महागडी सीटही उपयोगाची नाही.

२. सीट: दुकानात बोटाने दाबून मऊ लागलेला फोम तासाभरात दबतो आणि खालचा पत्रा टोचायला लागतो. थोडा घट्ट आणि मागे रुंद फोम घ्या. मूळ सीट जपून ठेवा. उंची मात्र फार वाढवू नका. अ‍ॅव्हेंजर २२० ची सीट साधारण ७३७ मिमी उंच आहे, आणि दोन्ही पाय जमिनीला टेकणं हा तिचा मोठा फायदा आहे.

३. हँडल: स्ट्रीटचं हँडल सपाट आहे, क्रूझचं उंच आणि आपल्याकडे वळलेलं. हात ताणले जात असतील तर रायझर लावता येतो. लावल्यावर गाडी न्यूट्रलमध्ये चालू ठेवून हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवा. इंजिनचा आवाज वाढला तर अ‍ॅक्सिलरेटरची केबल ताणली जातेय. क्लच केबल आणि ब्रेकचा पाईपही बघा. हे तपासल्याशिवाय रस्त्यावर जाऊ नका.

४. विंडस्क्रीन आणि बॅकरेस्ट: क्रूझरवर छाती सरळ वाऱ्यात असते. मध्यम उंचीची काच पुरते, पण काचेवरून रस्ता दिसला पाहिजे. काचेतून बघावं लागलं तर पावसात आणि रात्री त्रास होतो.

फोन कुठे लावायचा?

इंजिनच्या जोरदार कंपनांमुळे आयफोनच्या कॅमेऱ्याचं स्टॅबिलायझेशन आणि फोकस बिघडू शकतो, असं अ‍ॅपलने २०२१ मध्ये स्वतःच सांगितलं होतं. अशा प्रकारचा कॅमेरा असलेल्या इतर फोनलाही तोच धोका आहे. म्हणून कंपन शोषणारा डॅम्पर असलेला होल्डरच घ्या. सर्वात सुरक्षित उपाय म्हणजे फोन खिशात ठेवायचा आणि रस्ता इअरफोनऐवजी हेल्मेटमधल्या स्पीकरवर, कमी आवाजात ऐकायचा. यूएसबी चार्जरची वायर फ्यूज लावून चावीच्या लाईनवरून घ्या. थेट बॅटरीला जोडून चालू राहिला तर सकाळी सेल्फ लागणार नाही.

कशाला हात लावायचा नाही?

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार आरसीवरचा तपशील कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल करता येत नाही. मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. चासी कापणं, इंजिन बदलणं, पुढचे फोर्क लांब करणं हे सगळं टाळा. मोठ्या आवाजाचा सायलेन्सरही नको. त्याने दंड होतो आणि शंभर किलोमीटरनंतर आपलंच डोकं दुखतं.

टेस्ट कशी घ्यायची?

एका वेळी एकच बदल करा. नाहीतर फरक कशामुळे पडला ते कळत नाही. विश्रांतवाडीहून दिघीमार्गे आळंदीला जाऊन परत या आणि कुठे दुखतंय ते मोबाईलच्या नोट्समध्ये लिहा. मनगट किंवा खांदे दुखले तर हँडल बघा. माकडहाड दुखलं तर सीट आणि शॉकअप बघा. मान दुखली तर वारा अडवा. सगळं जमलं की मगच पुण्यापासून साधारण १२० किमीवरचं महाबळेश्वर ठरवा.

आणि हो, पुणे-मुंबई एक्स्प्रेसवेवर दुचाकीला बंदी आहे. मॅपमध्ये वाहन म्हणून टू-व्हीलर निवडायला विसरू नका. दर तासाला दहा मिनिटं उतरून चाला. कितीही चांगली सीट बसवली तरी हा थांबा लागतोच.