काचेतला समुद्र

समुद्राकाठच्या माणसाला समुद्राचे अप्रूप नसते. ओहोटी लागली की खडकांच्या खळग्यांत पाणी साचून राहते. त्यात इवले मासे, खेकड्यांची पिल्ले आणि फुलासारखी दिसणारी पण फूल नसलेली समुद्रफुले नांदत असतात. कोकणातली पोरे हे रोज बघतात आणि विसरूनही जातात. पण घाट चढून वर आलेल्या माणसाला वाटते, यातले थोडेसे आपल्या घरी नेता आले तर!

आता एक साधा प्रश्न स्वतःला विचारून पाहा. समजा, तुम्ही हंडाभर समुद्राचे पाणी घेतलेत, त्यात एक मासा सोडलात आणि तो हंडा सोलापूरला नेऊन ठेवलात. मासा किती दिवस जगेल? फार दिवस नाही, हे सांगायला शास्त्रज्ञ नको. पण का जगणार नाही? पाणी तेच आहे, मीठही तेच आहे. मग समुद्रात असे काय होते, जे हंड्यात आले नाही? या एका प्रश्नाचे पुरते उत्तर मिळायला माणसाला एकोणिसाव्या शतकातली साठ-सत्तर वर्षे खर्ची घालावी लागली. आणि गंमत अशी, की ते उत्तर शेवटी समुद्रात सापडले नाही, शेतात सापडले.

गोष्टीचा आरंभ स्कॉटलंडमध्ये करू. एडिंबरो शहरात सर जॉन डॅलियेल नावाचे एक विद्वान गृहस्थ होते. १८२८ साली त्यांनी समुद्रकाठच्या खडकावरून एक समुद्रफूल काढून आणले आणि काचेच्या भांड्यात ठेवले. त्यांची रीत सरळ होती. जुने पाणी ओतून द्यायचे आणि समुद्राचे ताजे पाणी घालायचे. ते पाणी समुद्रावरून वाहून आणायला गडी लावलेला होता. ही रीत इतकी चोख चालली, की १८५१ साली डॅलियेल वारले तरी ते समुद्रफूल जिवंतच राहिले. पुढे ते एकाकडून दुसऱ्याकडे गेले, लोक त्याला लाडाने ‘आजीबाई’ म्हणू लागले, आणि अखेर १८८७ साली ते मेले. मालकाच्या मागे छत्तीस वर्षे! पण ही रीत समुद्राजवळच्या माणसाची. ज्याच्या घरापासून समुद्र दूर आहे आणि ज्याच्यापाशी गडी नाही, त्याने काय करावे?

दुसरी पायरी एका बाईने घातली. लेडी अ‍ॅना थिन या लंडनमधल्या एका धर्मोपदेशकाच्या पत्नी. १८४६ साली त्या इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील टॉर्की या गावी गेल्या होत्या. तिथे त्यांनी जिवंत प्रवाळ पाहिले आणि ते लंडनला न्यायचे ठरवले. वाटेत धक्के बसून जीव दुखावू नयेत म्हणून त्यांनी सुईदोऱ्याने ते एका मोठ्या स्पंजाला टाचले आणि पाण्याने भरलेल्या बरणीतून नेले. घरी गेल्यावर समुद्राचे पाणी वरचेवर मागवून बदलणे सुरू झाले. ते पाणी कमी पडू लागले तेव्हा बाईंनी वेगळीच युक्ती काढली. आपल्याकडे दूध निववायला या भांड्यातून त्या भांड्यात उंचावरून ओततात ना, तसे त्या मोलकरणीकडून उघड्या खिडकीपाशी ते पाणी अर्धा-पाऊण तास खालीवर ओतवून घेत. त्याने पाण्यात हवा मिसळे आणि जीव तग धरीत. पुढल्या वर्षी त्यांनी पाण्यात समुद्रशेवाळ आणून ठेवले. त्यांचे प्रवाळ नुसते जगले असे नाही, त्यांना पिल्लेही झाली.

या गोष्टीत मोलकरणीचे नाव कुठे आलेले नाही, गड्याचेही नाही. पण पाणी जिवंत ठेवणारे हात त्यांचे होते. हे ध्यानात ठेवा, कारण पुढची सारी कहाणी म्हणजे या हातांच्या जागी दुसरे कोण आले त्याची कहाणी आहे.

त्या जागी आधी वनस्पती आल्या. लंडनचे रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी १८५० साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. काचेच्या पेटीत गोडे पाणी, दोन सोनेरी मासे, एक पाणवनस्पती आणि सडलेली पाने खाऊन टाकणाऱ्या गोगलगाई, एवढाच संसार. मासे श्वासावाटे जो वायू सोडतात तो वनस्पती घेते आणि उजेडात माशांना हवा असलेला प्राणवायू सोडते. देवाणघेवाण बरोबर जुळली तर पाणी बदलावे लागत नाही. १८५२ साली त्यांनी हाच मेळ खाऱ्या पाण्यातही घालून पाहिला. त्याच सुमारास फिलिप हेन्री गॉस हे निसर्गाभ्यासक डेव्हनच्या किनाऱ्यावर असेच प्रयोग करीत होते. १८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात जलचरांचे पहिले सार्वजनिक दालन उघडले, त्यातले पुष्कळसे समुद्रजीव गॉस यांनी पुरवले होते. १८५४ साली गॉस यांचे पुस्तक निघाले आणि ‘अ‍ॅक्वेरियम’ हा शब्द घरोघरी गेला. त्याच वर्षी त्यांनी साधे मीठ, एप्सम मीठ आणि मॅग्नेशियम व पोटॅशियम यांचे क्षार साध्या पाण्यात कालवून कृत्रिम समुद्रजलही तयार केले. त्यात त्यांनी प्रथम शेवाळ सोडले आणि मग जनावरे. हा क्रम त्यांनी अनुभवाने ठरवला होता. त्यामागचे खरे कारण त्यांना ठाऊक नव्हते, कोणालाच नव्हते.

काचेवरचा कर इंग्लंडात १८४५ साली उठला होता, त्यामुळे काच स्वस्त झाली होती. आगगाड्या किनाऱ्यापर्यंत पोचत होत्या. मग काय विचारता! प्रत्येक दिवाणखान्यात काचेतला समुद्र हवा झाला. ‘उतावळा नवरा आणि गुडघ्याला बाशिंग’ अशी गत झाली. आज पेटी आणली, आजच पाणी भरले, आजच दहा जीव सोडले आणि आठवड्यात सगळे कुजून दुर्गंधी सुटली. वनस्पती तर होत्या, प्राणवायूही होता. मग बिघडले कुठे?

हा प्रश्न विल्यम अल्फर्ड लॉइड या गृहस्थांनी वेगळ्या वाटेने सोडवला. लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये १८७१ साली त्यांच्या देखरेखीखाली मोठे मत्स्यालय सुरू झाले. लोकांना दिसणाऱ्या हौदांच्या खाली त्यांनी कितीतरी मोठी, अंधारी टाकी बांधली. वाफेचे इंजिन रात्रंदिवस ते पाणी वर चढवी आणि ते पुन्हा खाली वाहत येई. तेच पाणी वर्षानुवर्षे फिरत राहिले आणि बिघडले नाही, उलट दिवसेंदिवस अधिक नितळ होत गेले. गड्याची आणि मोलकरणीची जागा इंजिनाने घेतली होती. तरी प्रश्न उरतोच. नुसते फिरवल्याने घाण पाणी स्वच्छ कसे होते?

आता शेताकडे वळू. ज्या रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी काचपेटीत मासे ठेवले, त्यांचा एक मुलगा होता. त्याचेही नाव रॉबर्टच. बापाचा प्रयोग प्रसिद्ध झाला तेव्हा तो बारा वर्षांचा होता. मोठेपणी तो शेतीरसायनाचा अभ्यासक झाला आणि इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेड या विख्यात शेतीसंशोधन केंद्रात काम करू लागला. तिथे त्याच्यापुढे प्रश्न होता तो खताचा. शेणखत कुजले की त्यातून अमोनिया निघतो. पण पीक नत्र घेते ते बहुतांशी नायट्रेटच्या रूपात. मग जमिनीत अमोनियाचे नायट्रेट करतो कोण?

१८७७ साली श्लोझिंग आणि म्युंत्स या दोन फ्रेंच शास्त्रज्ञांनी वाळूच्या नळकांड्यातून सांडपाणी सावकाश झिरपवून पाहिले. पहिले तीन आठवडे काही घडले नाही. मग खालून येणाऱ्या पाण्यात नायट्रेट दिसू लागले. क्लोरोफॉर्मची वाफ देताच ते काम थांबले. म्हणजे ते काम करणारे कोणी सजीव होते! धाकट्या वॉरिंग्टनने १८७८ ते १८९१ या काळात हा विषय मातीत तपासला आणि दाखवून दिले, की हे काम दोन टप्प्यांत होते आणि दोन टप्प्यांचे कामकरी निरनिराळे असतात. पहिले जीवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचे नायट्रेट करतात. हे जीवाणू वेगळे काढून वाढवण्यात रशियन शास्त्रज्ञ विनोग्राड्स्की यांना १८९० च्या सुमारास यश आले.

शेतकरी बंधूंनो, तुमच्या बांधाच्या आत जे घडते तेच काचेच्या पेटीत घडते. मासा जे बाहेर टाकतो त्यातला मोठा भाग अमोनिया असतो आणि अमोनिया हे माशाला विष आहे. नायट्राइटही विषच. नायट्रेट त्या मानाने पुष्कळ सौम्य. समुद्राच्या वाळूवर, खडकांच्या छिद्रांत या जीवाणूंची वस्ती असते, ती विष निवारते. सोलापूरला नेलेल्या हंड्यात पाणी होते, मीठ होते, पण ही वस्ती नव्हती. लॉइड यांच्या नळांत, टाक्यांच्या भिंतींवर ती नकळत वसली होती. बापाच्या काचेतले कोडे मुलाला मातीत उलगडले, ते असे.

मग आज नव्याने खाऱ्या पाण्याची पेटी मांडणाऱ्याने या इतिहासातून काय घ्यावे? पहिली गोष्ट, पेटी फार लहान नको. थोडे पाणी लवकर बिघडते, जास्त पाणी सावकाश बिघडते आणि माणसाला सावरायला अवधी देते. दुसरी, लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम क्षार, हे समुद्राचे प्रमाण राखावे. त्यासाठी स्वयंपाकाचे मीठ चालत नाही, सर्व क्षार असलेले तयार मिश्रण घ्यावे लागते. तिसरी गोष्ट आपल्या मिठागरवाल्यांना सांगायला नको. उन्हाने पाणी जाते, मीठ मागे राहते. म्हणून पेटीतले पाणी आटले की भर घालायची ती गोड्या पाण्याची, खाऱ्या पाण्याची नव्हे. चौथी आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे धीर. वाळू, खडक आणि वाहते पाणी यांची पेटी माशांवाचून सुमारे महिना-दीड महिना चालू ठेवायची. जीवाणूंना पोसायला पाण्यात किंचित अमोनिया लागतो, तो बेताने पुरवायचा. जीवाणूंची वस्ती वसू द्यायची. अमोनिया आणि नायट्राइट उरले नाहीत अशी परीक्षा झाली, की मग एखाददुसरा मासा सोडायचा. शेणखत कुजू न देता पेरणी करणाऱ्याला आपण काय म्हणतो? तसाच हा प्रकार आहे. १९६१ साली जकार्तातील ली चिन एंग यांनी एका अमेरिकन मासिकातून आपली रीत मांडली. समुद्रातला जिवंत खडकच पेटीत ठेवायचा, थोडी हवा सोडायची आणि बाकीचे निसर्गावर सोपवायचे. ती रीत पुढे जगभर गेली, कारण त्या खडकाबरोबर कामकरीही येत होते.

पण या हौसेची दुसरी बाजू सांगितल्यावाचून ही कहाणी पुरी होणार नाही. गॉस यांची पुस्तके वाचून हजारो लोक टोपल्या, बरण्या आणि छिन्न्या घेऊन किनाऱ्यावर धावले. गॉस यांचे चिरंजीव एडमंड यांनी १९०७ साली लिहिलेल्या आत्मचरित्रात नमूद केले आहे, की लहानपणी पाहिलेले ते भरलेले खळगे पुढे ओसाड झाले आणि आपल्या हातून असे काही घडेल हे वडिलांच्या ध्यानीमनी नव्हते, म्हणून त्यांना त्याचे फार दुःख झाले. ज्याने लोकांना समुद्रावर प्रेम करायला शिकवले, त्याच्याच शिष्यांनी किनारा लुटला!

म्हणून आपल्याकडे या बाबतीत कायदा आहे, हे चांगले आहे. मालवणच्या समुद्राचा काही भाग १९८७ साली सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. खडक बांधणारी प्रवाळे आणि समुद्रघोडे यांना २००१ साली वन्यजीव संरक्षण कायद्याच्या संरक्षणाखाली आणण्यात आले. ते समुद्रातून काढणे, बाळगणे, विकणे हा गुन्हा आहे. सहलीला गेलेल्या मुलांच्या खिशात प्रवाळाचा तुकडा आला, तर गुरुजींनी त्यांना हे समजावून सांगावे.

शिक्षकमित्रांनो, हा धडा शिकवायला खारे पाणी आणि महागडी पेटी हवीच असे नाही. गावातल्या विहिरीचे पाणी, काचेची बरणी, एक पाणवनस्पती आणि दोन गोगलगाई, एवढ्याने थोरल्या वॉरिंग्टनचा प्रयोग वर्गाच्या खिडकीत मांडता येतो. मुले काही दिवसांत विचारतील, ‘गुरुजी, पाणी बदलले नाही तरी घाण कसे होत नाही?’ तेव्हा लगेच उत्तर देऊ नका. त्यांना शाळेमागच्या शेतात न्या, मूठभर माती हातात द्या आणि तिच्यात कोण काम करीत असेल, ते आधी त्यांनाच विचारा.