हलकी गाडी, हलके विमान

तेरच्या शेजारचे गाव एवढीच ढोकीची ओळख साहित्याच्या अभ्यासकाला असते. प्राचीन तगर नगराच्या वाटेवरचे ठिकाण म्हणून. आम्हांला येथे याच गावावरून जाणाऱ्या एका अर्वाचीन वाटेविषयी लिहायचे आहे. ती वाट रुळांवरून निघते आणि आकाशात पोचते.

एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने उभारलेली अडीच फुटी बार्शी लाइट रेल्वे १८९७ साली सुरू झाली. पुढे निजामाच्या मुलखात शिरून १९११ साली ती ढोकीवरून लातूरला पोचली. या रेल्वेमागील विचार साधा होता: भार प्रत्येक आसावर सारखा वाटला, तर हलक्या रुळांवरूनही मोठे काम होते. मित्र चार्ल्स रोल्स १९१० साली विमान अपघातात गेल्यावर हाच कॅलथ्रॉप वैमानिकांसाठी हवाई छत्री तयार करण्याच्या मागे लागला.

याच रेल्वेच्या बांधकामाच्या ठेक्यांतून सोलापूरचे तरुण वालचंद हिराचंद, लक्ष्मणराव फाटक यांच्या भागीदारीत, उद्योगधंद्यात उतरले. डिसेंबर १९४० मध्ये त्यांनी म्हैसूर संस्थानाच्या साह्याने बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी काढली. १९४२ साली सरकारने त्यांचा वाटा विकत घेतला. वालचंद बाजूला झाले, कारखाना राहिला.

त्या कारखान्यात विष्णु माधव घाटगे हे कोल्हापूरकडचे गृहस्थ होते. त्यांनी जर्मनीतील गॉटिंगेन येथे लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली १९३६ साली डॉक्टरेट मिळवली होती. युद्धकाळात येथे बनलेल्या पहिल्या ग्लायडरशी त्यांचे नाव जोडलेले आहे. १९५१ साली त्यांचे एचटी-२ हे शिकाऊ विमान उडाले आणि २८ सप्टेंबर १९५८ रोजी ‘पुष्पक’. कापडाने मढवलेले, छताच्या उंचीवर पंख असलेले हे विमान ९० अश्वशक्तीच्या एकाच इंजिनावर चाले. शेजारी-शेजारी दोनच आसने. अमेरिकन ‘एरोन्का चीफ’शी त्याचे साम्य उघड आहे आणि ते लपवण्याचे कारण नाही. अशी सुमारे दीडशे विमाने तयार झाली आणि देशभरच्या फ्लाइंग क्लबांत त्यांवर कित्येकांनी उड्डाणाची मुळाक्षरे गिरवली.

आता प्रश्न स्मरणाचा. १८९५ साली शिवकर बापूजी तळपदे यांनी चौपाटीवर विमान उडवल्याची कथा मराठी घरांत आजही सांगितली जाते. त्या उड्डाणाचा खात्रीलायक समकालीन पुरावा नाही. ज्या वैमानिक शास्त्राचा आधार अशा चर्चेत घेतला जातो, त्यातील विमाने उडू शकणार नाहीत, असे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अभ्यासकांनी १९७४ सालीच दाखवून दिले. म्हणजे न उडालेले पुष्पक आमच्या तोंडी आहे आणि उडालेले पुष्पक कोणाच्या ध्यानी नाही. याचा दोष आम्ही केवळ भाबडेपणावर टाकणार नाही. मिथकाला एक नायक आणि एक चमत्कार पुरतो. खऱ्या विमानाला मात्र ठेकेदार, संस्थान, परदेशी गुरू आणि उसना आराखडा असे पुष्कळ हात लागतात, आणि इतक्या हातांची गोष्ट सांगणे आपल्या चरित्रलेखनाला फारसे जमलेले नाही.

अशा हलक्या विमानांकडे अनेक देशांत आणखी एक काम असते. दोर बांधून ती बिनइंजिनाचे ग्लायडर उंचावर ओढून नेतात, आणि योग्य उंचीवर दोर सुटला की मुकाट्याने खाली परततात. पाहणारे वर तरंगणाऱ्या ग्लायडरकडेच पाहत राहतात. पुण्याजवळ हडपसरला हे काम जमिनीवरचे विंच यंत्र करते. तेही कोणी पाहत नाही.

अडीच फुटी रूळ आता नाहीत. त्या मार्गावर रुंद रूळ आले आहेत. इतिहासाच्या अभ्यासकाने निदान अशा ठिकाणी थोडे थांबावे आणि दोर कोणी ओढला होता ते विचारावे, एवढेच आमचे म्हणणे आहे.