हळदोण्याचा ट्रम्पेटवादक

हिंदी चित्रपटसंगीताचा इतिहास आपण बहुधा गायक व संगीतकार यांच्या नावांनी सांगतो. वाद्यवृंदात बसून ते संगीत घडविणाऱ्यांची नावे त्यात क्वचितच आढळतात. ‘चिक चॉकलेट’ या नावाने ओळखले गेलेले आंतोनियो झेवियर वाझ हे अशांपैकीच एक.

वाझ यांचा जन्म १९१६ साली गोव्यात, बार्देस तालुक्यातील हळदोणे गावी झाला. पोर्तुगीज अमदानीत गोव्याच्या धर्मग्रामांतील शाळांतून प्रार्थनेबरोबर गायन, व्हायोलिन आणि पाश्चात्त्य स्वरलिपीचे वाचन शिकविले जाई. मिस्सेसाठी व सणांसाठी गायक-वादक तयार व्हावेत, एवढाच त्यामागील हेतू. वाझही अशाच शाळेत शिकले. मुलाने मेकॅनिक व्हावे अशी आईची इच्छा होती; पण त्याचे मन ट्रम्पेटवर जडले.

१९३५ मध्ये लिऑन ॲबी यांचे कृष्णवर्णीय अमेरिकन वादकांचे पथक मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आले आणि शहराला जॅझची गोडी लागली. अमेरिकेत तेव्हा ‘स्विंग’ या नृत्यानुकूल जॅझचा बहर होता. लुई आर्मस्ट्राँग यांना आदर्श मानणाऱ्या वाझ यांना पुढे ‘भारताचे लुई आर्मस्ट्राँग’ म्हटले जाऊ लागले. १९४० च्या दशकात त्यांचे ‘म्युझिक मेकर्स’ हे पथक ग्रीन्स व ताज या हॉटेलांत वाजू लागले.

स्वातंत्र्यानंतर युरोपीय श्रोतृवर्ग ओसरला. १९४९ च्या दारूबंदी कायद्याने हॉटेलांतील रात्रीची वर्दळही मंदावली. वादकांनी चित्रपटांची वाट धरली. तेथे वाझ यांची सी. रामचंद्र यांच्याशी जोडी जमली. नागपूरला शंकरराव सप्रे यांच्याकडे संगीत शिकलेल्या या संगीतकाराशी आपल्या विदर्भाचाही ऋणानुबंध आहे. भगवानदादांच्या ‘अलबेला’त (१९५१) वाझ आपल्या पथकासह पडद्यावरही दिसले. त्याच वर्षी ‘नादान’ला त्यांनी स्वतंत्रपणे संगीत दिले.

संगीतकार पेटीवर चाल ऐकवी. व्हायोलिन, सॅक्सोफोन, ट्रम्पेट यांनी केव्हा काय वाजवावे, हे मात्र कोणीतरी कागदावर उतरवावे लागे, आणि तो कागद पाहताक्षणी वाजवू शकणारे वादकही लागत. धर्मग्रामाच्या शाळेत शिकलेल्या गोवेकरांनी ही दोन्ही कामे केली. श्रेयनामावलीत त्यांच्यापैकी बहुतेकांना स्थान मिळाले नाही.

वाझ १९६७ मध्ये निवर्तले. पन्नाशी नुकतीच उलटली होती. चर्चमधील गायनवृंदासाठी दिलेले साधे शिक्षण देशभर गुणगुणल्या जाणाऱ्या गाण्यांपर्यंत पोहोचले, याची त्यांचे जीवन साक्ष देते. चंद्रपूर-गडचिरोलीच्या एखाद्या लहानशा चर्चमध्ये मुलांना स्वर शिकविणाऱ्यांचे काम म्हणूनच थोडके मानू नये. त्यांची नावे मात्र आपण वेळीच नोंदवून ठेवली पाहिजेत.